चढ, सायकल आणि आपले माप

उन्हाळ्याची चाहूल लागली की आपल्या मंडळींच्या गॅरेजमधून आणि बागेतल्या शेडमधून माउंटन बाइक बाहेर निघतात. दोन-तीन रविवार उत्साहात जातात. मग एखादा खडा चढ लागतो. पुढचे चाक उचलू लागते, हात भरून येतात, गुडघा कुरकुरतो आणि उरलेली वाट सायकल ढकलत संपवावी लागते. घरी आल्यावर निदान ठरलेले असते : "आता वय झालं." मुलांच्या बाबतीत, "पोरात दमच नाही." सायकल पुन्हा शेडमध्ये जाते. आमचे म्हणणे एवढेच, की पायांना दोष देण्यापूर्वी एकदा फ्रेमकडे पाहावे.

चालवणारा कुठे बसेल, त्याचे किती वजन कोणत्या चाकावर पडेल, हात किती ताणले जातील, हे सारे फ्रेमच्या नळ्यांची लांबी आणि त्यांचे कोन ठरवतात. सायकलवाले याला जॉमेट्री म्हणतात. शाळेत कंटाळा आणणारी भूमिती इथे थेट गुडघ्याशी येऊन भिडते.

सीटखालच्या नळीपासून सुरुवात करू. ही नळी सरळ उभी नसते, मागे झुकलेली असते. १९९० च्या दशकातल्या बहुतेक माउंटन बाइकवर तिचा कोन ७३ अंशांच्या आसपास असे. आता इथल्या रस्त्यांवर दिसणारी २० टक्के चढाची पाटी आठवा. पाच फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, म्हणजे सुमारे ११ अंशांचा चढ. त्या चढावर सगळी सायकलच ११ अंशांनी मागे कलते आणि ७३ चे ६२ होतात. पायडलच्या आसापासून सीट ६५ सेंमीवर असेल, तर सपाटीवर ती आसाच्या १९ सेंमी मागे असते. चढावर तेच अंतर जवळजवळ ३१ सेंमी होते. माणूस मागच्या चाकाकडे सरकतो, पुढचे चाक हलके होते आणि हँडल भरकटते. ते दाबून धरण्यात हातांची आणि पाठीची शक्ती जाते. आपल्याला वाटते, दम संपला.

म्हणूनच हल्लीच्या माउंटन बाइकवर हा कोन ७५ ते ७८ अंशांपर्यंत उभा केलेला दिसतो. ७७ अंश धरले, तर त्याच चढावर सीट साधारण २७ सेंमीच मागे राहते. चार सेंमीचा फरक ऐकायला लहान, पण चढाच्या माथ्यापर्यंत बसून जाणे आणि मध्येच उतरणे यांत तेवढाच फरक पुरतो. पायडलच्या आसापासून मागच्या चाकापर्यंतच्या नळ्या थोड्या लांब असल्या, तरीही पुढचे चाक जमिनीला अधिक धरून राहते.

पुढच्या चिमट्याचा कोन मात्र उलट दिशेने बदलला. पूर्वी तो ७१ अंशांच्या आसपास असे, आता बऱ्याच सायकलींवर ६४ ते ६६ असतो. उतारावर अशी सायकल स्थिर राहते, पण सावकाश चढताना तिचे पुढचे चाक डावी-उजवीकडे लोळू पाहते. म्हणजे उतारासाठी घेतलेल्या सवलतीची थोडी किंमत चढावर मोजावी लागते. सीटची नळी उभी करण्यामागे हाही हिशेब आहे.

जशी जमीन तशी फ्रेम, असेही म्हणता येईल. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीतली मंडळी जुन्या जड सायकली घेऊन डोंगरावरून सुसाट खाली येत. माउंटन बाइकचा जगभर पसरलेला साचा तिथून आला. त्याच सुमारास इथे इंग्लंडमध्ये जेफ ॲप्स नावाचे गृहस्थ चिल्टर्नच्या टेकड्यांमधल्या चिखलासाठी वेगळीच सायकल घडवत होते. त्यांची 'क्लीलँड ॲव्हेंचुरा' १९८२ ते १९८४ या काळात विकली गेली. तिच्यावर ताठ बसायचे, पायडलचा आस जमिनीपासून उंच आणि टायर फिनलंडमधले, बर्फासाठी बनवलेले. वेगापेक्षा चिखलातून सावकाश आणि न उतरता वर जाणे हा तिचा हेतू. कंपनी चालली नाही, पण ॲप्स यांनी विचारलेला प्रश्न आपणही विचारायला हवा : ही सायकल कुठल्या वाटेसाठी आणि कोणाच्या अंगासाठी?

अंगाचा प्रश्न आपल्या घरांत जास्त महत्त्वाचा. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायचे, ही आपली जुनी रीत. शाळेच्या ब्लेझरला ती चालते, सायकलला नाही. आपल्यापैकी कित्येकजण गावाकडे वडिलांच्या उंच सायकलच्या दांडीखालून पाय घालून शिकले हे खरे, पण ते सपाट रस्त्यावर. चढावर सायकल अचानक थांबते आणि त्याच क्षणी पाय जमिनीला टेकावा लागतो. दांडी उंच असेल तर मूल आडवे होते, तेही उताराच्या बाजूला. शिवाय मोठ्या फ्रेमवर हात ताणले जातात आणि कोपर वाकवून अंग पुढे झुकवायला जागाच राहत नाही.

याच देशात इस्ला रोन्ट्री या बाईंनी हे ओळखले. 'इस्लाबाइक्स' या त्यांच्या कंपनीने मुलांसाठी हलक्या, आखूड क्रँकच्या आणि छोट्या हातांना पोचतील अशा ब्रेकच्या सायकली बनवल्या. २०२३ मध्ये कंपनीने नव्या सायकली बनवणे थांबवण्याचे जाहीर केले, पण जुन्या अजून हातोहात फिरतात. मुलांना लहान झालेली सायकल ओळखीच्या घरात द्यावी आणि आपण दुसऱ्याची घ्यावी, हे आपल्या मंडळींना सहज जमण्यासारखे आहे.

मोठ्यांचेही तेच. पाच-सव्वापाच फूट उंचीच्या आपल्या बायकांना दुकानात 'मिडियम' पुढे केले जाते किंवा नवऱ्याची जुनी सायकल वाट्याला येते. सीट खाली केली की झाले, असे नसते. दांडीची लांबी तीच राहते आणि १७५ मिमीचा क्रँक आखूड पायांच्या गुडघ्याला प्रत्येक फेरीत जास्त वर उचलतो. १६५ मिमीचा क्रँक मिळतो, तो मागून घ्यावा. सारख्या उंचीच्या दोन माणसांतही एकाचे पाय लांब, दुसऱ्याचे धड लांब असू शकते. म्हणून साइझच्या अक्षरावर न जाता सायकलवर बसूनच पाहावे.

आता घरी करता येण्यासारखे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, एक जाड पुस्तक मांड्यांमध्ये वर घट्ट धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. त्याला ०.८८३ ने गुणले की पायडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण मिळते. ७२ सेंमीचे उत्तर साडेत्रेसष्ट सेंमीच्या आसपास येते. दुसरी खूण : टाच पायडलवर ठेवून ते अगदी खाली नेल्यावर पाय सरळ व्हावा. चवडा ठेवला की गुडघा थोडा वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते, फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे डुलते. सायकलला दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यावर दांडी आणि अंग यांत किमान दोन इंच मोकळे असावेत.

चढावर पुढचे चाक उचलत असेल, तर सीट खालच्या रुळांवर अर्धा-अर्धा सेंमी पुढे सरकवून पाहावी. रुळांवरच्या खुणांपलीकडे नेऊ नये. फार पुढे नेली तर तळहातांवर भार येतो. हात ताणले जात असतील तर हँडल धरणारा स्टेम आखूड बसवून घ्यावा. जुन्या सायकलींना हे विशेष लागू, कारण त्यांचे स्टेम लांब असत. चढताना सीटच्या टोकाशी सरकावे, कोपरे खाली ठेवावीत आणि हलका गियर चढ सुरू होण्याआधीच टाकावा. एवढे केल्यावरही सायकल अंगाला बसत नसेल, तर ती फ्रेम आपली नव्हे.

आणि चढ शोधायला लांब जायला नको. १९६८ च्या कंट्रीसाइड कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या ब्रायडलवेवर सायकल नेण्याचा हक्क आपल्यालाही आहे. चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना मात्र आधी वाट द्यायची. पायवाटेवर, म्हणजे फुटपाथ अशी पाटी असलेल्या वाटेवर, तो हक्क नाही.

येत्या शनिवारी शिवणाच्या डब्यातली टेप काढावी, घरातल्या प्रत्येकाचे माप घ्यावे आणि ते कागदावर लिहून शेडच्या दारावर चिकटवावे. वाढत्या मुलांचे दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावे. "दम नाही" हा शेरा तोपर्यंत राखून ठेवावा.