थंडीची लाट व दहिवर : रात्रीच्या संकटाची दिवसा करावयाची तयारी

महाराष्ट्र हा उष्ण प्रदेश होय. येथील शेतकऱ्याला अवर्षण, अतिवृष्टी व गारपीट यांचा धाक अधिक वाटतो. थंडीकडे तो बहुधा मित्र म्हणूनच पाहतो. आणि ते पुष्कळ अंशी खरेही आहे. चांगली थंडी पडली म्हणजे गव्हाला फुटवे भरपूर येतात, हरभरा जोमाने वाढतो. परंतु काही वर्षी हीच थंडी मर्यादा ओलांडते. पुणे येथे १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सिअस, तर नाशिक येथे जानेवारी १९४५ मध्ये ०.६ अंश इतके कमी तापमान नोंदले गेले. ही गोष्ट जुन्या काळापुरती आहे असेही नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूर येथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला व त्याच आठवड्यात निफाड येथे तो १.८ अंशांवर आला. अशा एका रात्रीत केळीची बाग करपते, टोमॅटोचा फड काळा पडतो व वर्षभराची मेहनत आणि कर्जाऊ भांडवल मातीमोल होते.

हे संकट क्वचित येते, म्हणूनच त्याची तयारी राहून जाते. थंडीशी सामना पहाटे होत असला, तरी त्याची बहुतेक तयारी आदल्या दिवशी, किंबहुना हंगामाच्या आरंभीच करावी लागते. ती कशी करावी, हे समजण्यासाठी दहिवर कसे पडते ते प्रथम पाहू.

दहिवर कसे पडते

वर दिलेल्या आकड्यांपैकी एकही शून्याखालचा नाही. मग पानांवरील दव गोठते कसे, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. याचे कारण असे की, हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, लाकडी पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र व निवांत रात्री जमीन व पिकाची पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात आणि सभोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. त्यामुळे पेटीतील पारा तीन-चार अंश दाखवीत असताना पानांजवळचे तापमान शून्यावर किंवा त्याखालीही गेलेले असू शकते. मग पानांवरील बाष्प व दव गोठून पांढरा थर दिसू लागतो. यालाच दहिवर म्हणतात. पानांच्या आतील पाणीही गोठले, तर पेशी फुटतात व सूर्य वर आल्यावर पाने उकडल्यासारखी काळी पडून लोळतात.

आकाशात ढग असले, तर ते पांघरुणाप्रमाणे काम करतात व उष्णता निसटू देत नाहीत. वारा असला, तर वरची उबदार हवा खाली मिसळत राहते. म्हणून ज्या रात्री आकाश स्वच्छ, वारा पडलेला व हवा कोरडी, तीच रात्र धोक्याची. उत्तर भारतातून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या मागोमाग उत्तरेकडील थंड, कोरडे वारे खानदेश, नाशिक व विदर्भापर्यंत येतात. हे वारे दिवसभर वाहून सायंकाळी एकाएकी थांबले व तारे लख्ख दिसू लागले, तर त्या रात्री सावध राहावे.

थंड हवा जड असते. ती पाण्याप्रमाणे उताराने वाहत जाऊन ओढ्याकाठच्या व खोलगट जमिनीत साचते. म्हणूनच एकाच गावात माळावरचे पीक सुखरूप राहते आणि ओढ्याकाठचे त्याच जातीचे पीक करपते. आपल्या शेतात प्रथम व अधिक दव कोठे पडते, याची खूण प्रत्येक शेतकऱ्याने लक्षात ठेवावी. नाजूक फळझाडे व रोपवाटिका अशा जागी करू नयेत. बांधावरील दाट कुंपणामुळे उतारावरून येणारी थंड हवा शेतातच अडत असेल, तर खालच्या बाजूस तिला वाट करून द्यावी.

जमीन हे उष्णतेचे कोठार

दिवसा जमीन सूर्याची उष्णता साठविते व रात्री ती हळूहळू बाहेर सोडते. हे कोठार जितके भरलेले, तितकी पहाट सुसह्य. कोरड्या व भुसभुशीत जमिनीत हवेच्या पोकळ्या असतात. त्यामुळे उष्णता खोल जात नाही. उलट ओली व बसलेली जमीन उष्णता अधिक घेते. म्हणून थंडीच्या लाटेचा इशारा मिळताच कोळपणी व कुळवणी पुढे ढकलावी. ओळींमधील दाट तण ऊन जमिनीपर्यंत पोहोचू देत नाही. ते हंगामाच्या आरंभीच काढून टाकावे.

ओलित हा सर्वांत सुलभ उपाय आहे. विहिरीचे पाणी थंडीतही साधारणतः वीस अंशांहून अधिक उबदार असते. एक लिटर पाणी वीस अंशांनी थंड झाले, तर वीस किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. आणि तेच पाणी गोठले, तर आणखी ऐंशी किलोकॅलरी उष्णता मिळते. यावरून रात्री दिलेले पाणी पिकाचे रक्षण कसे करते, हे ध्यानात येईल. शेतीपंपाला वीज पाळीने मिळत असल्यामुळे रात्री पाणी देणे शक्य नसेल, तर आदल्या दिवशी सकाळी हलके पाणी द्यावे, म्हणजे ओल्या जमिनीत दिवसभराची उष्णता साठते. काळ्या भारी जमिनीत मात्र पाणी साचू देऊ नये.

तुषार सिंचनाविषयी एक सूचना अगत्याची आहे. दहिवराच्या रात्री तुषार संच एकदा सुरू केला, की सूर्य वर येऊन पानांवरील बर्फ वितळेपर्यंत तो बंद करता कामा नये. मध्येच थांबविल्यास ओल्या पानांवरील पाण्याचे बाष्पीभवन होऊन पाने अधिकच थंड होतात व लाभाऐवजी हानी होते. रात्रभर विजेची व पाण्याची खात्री नसेल, तर या उपायाच्या वाटेस जाऊ नये.

शेकोटी व धूर

धुरामुळे थंडी अडते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः धुराचे कण फार सूक्ष्म असल्याने जमिनीतून निसटणारी उष्णता त्यांच्याने फारशी अडत नाही. खरा उपयोग होतो तो शेकोटीच्या उष्णतेचा व तिच्यामुळे हवा ढवळली जाण्याचा. एकच मोठी जाळ केल्यास उष्ण हवा वेगाने वर निघून जाते. म्हणून बांधाच्या कडेने व मोकळ्या पट्ट्यांत लहान लहान अनेक शेकोट्या कराव्यात. काडीकचरा व लाकडाचे तुकडे यांचे ढीग दिवसाच रचून ठेवावेत, मध्यरात्रीनंतर ते पेटवावेत व सूर्योदयानंतरही काही वेळ चालू ठेवावेत. कारण सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या सुमारास असते. जुने टायर किंवा प्लॅस्टिक जाळू नये. उसाचे पाचट व वाळलेले गवत यांपासून शेकोटी दूर असावी व जवळ पाण्याचे पिंप भरून ठेवावे.

थंड वारा सतत वाहत असेल, तर शेकोटीचा उपयोग होत नाही. अशा वेळी उत्तरेकडील बाजूस वारा अडविणारे कूड किंवा झाडांच्या रांगाच कामास येतात. केळीबागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावण्याची पद्धत या दृष्टीने हितावह आहे.

निरनिराळी पिके

केळी : केळीला गोठण्याइतकी थंडी लागत नाही, तापमान दहा-बारा अंशांखाली काही दिवस राहिले, तरी पाने पिवळी पडतात व वाढ खुंटते. खानदेशात यास चरका म्हणतात. कोवळी कांदेबाग व निसवत असलेली मृगबाग यांची विशेष काळजी घ्यावी. बागेस रात्री किंवा पहाटे पाणी द्यावे आणि घड केळीच्या वाळलेल्या पानांनी किंवा पिशव्यांनी झाकावेत.

द्राक्ष : कडक थंडीत मण्यांची फुगवण मंदावते, काही वेळा मण्यांवर गुलाबी छटा येऊन मालाची प्रत उतरते. पक्वतेकडे झुकलेले मणी तडकण्याचाही संभव असतो. म्हणून अशा बागेत एकदम जास्त पाणी न देता ठिबकने थोडे थोडे द्यावे. घड कागदाने झाकणे व पहाटे ओळींमधील मोकळ्या जागेत शेकोट्या करणे, हे उपाय निफाड भागातील बागायतदार करीत आले आहेत.

भाजीपाला : टोमॅटो, वांगी, मिरची व बटाटा यांना दहिवर सोसत नाही. रोपवाटिकेवर सायंकाळी, ऊन उतरण्यापूर्वीच, तुराट्यांचे छप्पर, बारदान किंवा गवताचे आच्छादन घालावे, म्हणजे दिवसाची ऊब आत राहते. सकाळी ऊन आल्यावर ते काढावे. आच्छादन पानांना टेकू देऊ नये.

फळझाडांची नवी लागण : आंब्याची कलमे व पपईची रोपे यांच्याभोवती तिन्ही बाजूंनी कूड करून आग्नेयेची बाजू उन्हासाठी मोकळी ठेवावी.

गहू व हरभरा : या पिकांसाठी घाबरण्याचे कारण नाही. मात्र गहू ओंबीवर व हरभरा फुलोऱ्यात असताना दहिवर पडण्याचा संभव असल्यास हलके पाणी द्यावे.

गोठा व घर

वासरे, करडे व नुकतीच व्यालेली जनावरे यांना थंडी प्रथम बाधते. गोठ्याच्या वाऱ्याकडील बाजूस बारदानाचे पडदे लावावेत. मात्र वरून हवा खेळती ठेवावी. खाली कोरड्या भुश्याची किंवा पाचटाची बैठक करावी. ओली जमीन अंगातील उष्णता ओढून घेते, हे विसरू नये. सायंकाळी वाळलेली वैरण अधिक द्यावी, कारण तिच्या पचनातून शरीरात ऊब निर्माण होते. पिण्यास विहिरीचे ताजे पाणी द्यावे; उघड्या हौदातील रात्रीचे गार पाणी देऊ नये.

माणसांची काळजी त्याहून महत्त्वाची. बंद खोलीत जळती शेगडी किंवा कोळसे ठेवून कधीही झोपू नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्यास वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसास धोका कळतही नाही.

ऐन थंडीत उसाची तोड चालू असते. ऊसतोड कामगारांची कुटुंबे तान्ह्या मुलांसह उघड्या रानातील कोप्यांत राहतात, आणि या कोप्या पुष्कळदा पाण्याजवळ, म्हणजे थंड हवा साचते अशाच सखल जागी असतात. ज्यांच्या शिवारात असा तळ पडला असेल, त्यांनी त्यास उंचवट्याची जागा द्यावी. लाटेच्या रात्री बालके, बाळंतिणी व वृद्ध यांची सोय शाळेत किंवा समाजमंदिरात करणे ग्रामपंचायतीस कठीण नाही.

थंडी ओसरल्यावर

दहिवराने पाने करपली म्हणून लगेच छाटणी करू नये. करपलेली पाने खालच्या जिवंत भागास काही काळ आसरा देतात. शिवाय कोणता भाग खरोखर मेला, हे नवी फूट आल्यावरच कळते. हलके पाणी द्यावे. नत्रखताची मोठी मात्रा झाड सावरल्यावरच द्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

सपाट प्रदेशात किमान तापमान चार अंश किंवा त्याखाली गेले की भारतीय हवामान खाते थंडीची लाट व दोन अंश किंवा त्याखाली गेले की तीव्र लाट मानते. परंतु या आकड्याची वाट पाहत बसल्यास केळी व भाजीपाला यांच्या बाबतीत उशीर होतो. दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होणारा कृषी हवामान सल्ला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा व पारा आठ अंशांकडे उतरू लागताच दवंडीने किंवा दूरध्वनीवरून सर्वांना सूचना द्यावी. एक साधा तापमापक गावातील सखल शेतात, पिकाच्या उंचीवर टांगून रोज पहाटेची नोंद ठेवावी. दोन-तीन हिवाळ्यांत गावातील धोक्याच्या जागा आपोआप स्पष्ट होतील.

केळी व द्राक्ष यांस हवामानावर आधारित फळपीक विमा मिळतो व कमी तापमानाचा धोका त्यात धरलेला असतो. पण नाव नोंदविण्याची मुदत थंडीपूर्वीच संपते, हे शेतकऱ्यांच्या निदर्शनास वेळीच आणावे. दहिवर व थंडीची लाट यांचा शासनमान्य नैसर्गिक आपत्तींत समावेश आहे. नुकसान झाल्यास पीक मोडण्यापूर्वी महसूल व कृषी कर्मचाऱ्यांना कळवून पंचनामा करून घ्यावा.

थंडी थांबविणे कोणाच्याही हाती नाही. परंतु दिवाळीनंतर एखादा दिवस काढून रोपवाटिकेचे आच्छादन, शेकोटीचे सरपण, गोठ्याचे पडदे व पाण्याची पाळी यांची व्यवस्था लावून ठेवणे प्रत्येकाच्या हाती आहे. ज्याने ही तयारी केली, त्यास लाटेच्या रात्री धावाधाव करावी लागत नाही, आणि नुकसान झालेच तरी ते आटोक्यात राहते.