मातीतील कर्बाचा जमाखर्च

आमच्या बेळगाव भागात उसाची तोड झाली की पाचटाला काडी लावण्याची चाल आहे. त्या धुरातून काय जाते, हे मुलांस समजावे म्हणून हा लेख.

झाडे हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पाने, खोड व मुळे घडवितात. ती मातीत पडली की सूक्ष्मजंतू व बुरशी त्यांवर गुजराण करतात. खाल्लेला बराच कर्ब त्यांच्या श्वासावाटे पुन्हा हवेत जातो. काही मात्र जंतूंच्या मृत देहांसह चिकणमातीच्या कणांस बिलगून दीर्घकाळ टिकतो. म्हणजे खर्च करणारे जंतू तेच, आणि शिल्लक टाकणारेही तेच! जगातील जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात अशी शिल्लक सुमारे १,५०० अब्ज टन आहे. हवेतील कर्बाहून ती पुष्कळ अधिक भरते.

हा हिशेब मुलांस पाहता यावा अशी एक सोपी रीत २०१३ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. हिरव्या चहाची एक व रॉयबॉस या तांबड्या चहाची एक, अशा दोन पिशव्या वजन करून आठ सेंटिमीटर खोल पुरावयाच्या. तीन महिन्यांनी काढून, वाळवून, पुन्हा वजन करावयाचे. हिरवा चहा लवकर कुजतो, तांबडा सावकाश. दोहोंच्या घटीवरून कुजण्याचा वेग व टिकून राहणारा अंश यांचा अंदाज येतो. २०१५ साली स्वीडनमधील शाळकरी मुलांनी देशभर हा प्रयोग केला.

आम्ही प्रथम कागदी पिशव्या पुरल्या आणि तीन महिन्यांनी हाती केवळ दोरा आला. मुले हसली, पण कागदही जंतूंचे अन्नच, हा धडा त्यांस पुस्तकाविना मिळाला. पुढे बारीक नायलॉन जाळीच्या पिशव्या शिवल्या. अशा घरगुती पिशव्यांचे आकडे स्वीडनच्या आकड्यांशी ताडता येत नाहीत. मात्र आपल्याच दोन शेतांची तुलना होऊ शकते. एका जागी दोनच पिशव्या पुरून भागत नाही, अनेक जोड्या हव्यात.

चहावरून कुजण्याची रीत कळते, साठा किती हे कळत नाही. त्यासाठी माती तपासावी लागते. मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा आकडा दिलेला असतो. मुलांनी तो घरी वडिलांस वाचून दाखवावा आणि मग विचारावे : जे पाचट आपण एका दुपारी जाळतो, ते मातीतील जंतूंच्या तोंडचे अन्न नव्हे काय?