वाट पाहणारे खेळाडू

मुलांनो, मराठीत 'वाट पाहणे' म्हणजे कोणाच्या तरी येण्याची प्रतीक्षा करणे. उर्दूत आपण 'राह देखना' म्हणतो, तसाच हा शब्दप्रयोग आहे. पण काही खेळाडू खरोखरच वाट पाहतात. ज्या रस्त्याने शर्यतीत जायचे असते, तो रस्ता ते आधी जाऊन डोळ्यांनी पाहून येतात. त्यावर सायकल चालवतात, थोडे धावतात, तिथल्या पाण्यात पोहतात. हे ते हौस म्हणून करत नाहीत. ते का करतात हे समजण्यासाठी आधी ही शर्यत कोणती ते पाहू. ('शर्यत' हा शब्द तुम्हांला परका नाही. तुमच्या 'शर्त' या शब्दाचेच हे मराठी रूप आहे.)

या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन खेळ तिच्यात एकामागून एक येतात. मध्ये विश्रांती नसते. तिच्या सर्वांत प्रसिद्ध लांब प्रकाराला 'आयर्नमॅन', म्हणजे पोलादी माणूस, असे नाव आहे. त्यात ३.८ किलोमीटर पोहायचे, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी ४२ किलोमीटर १९५ मीटरांची पूर्ण मॅरेथॉन धावायची. पन्नास मीटरांच्या तरणतलावात हे पोहणे ७६-७७ फेऱ्यांचे होईल. सायकलचे अंतर तर जवळजवळ मुंबई ते नाशिक एवढे भरते. हे सारे बहुधा १७ तासांच्या आत पुरे करावे लागते.

ही अंतरे कोणी हिशेब करून ठरवली नाहीत. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर पूर्वीपासून तीन वेगवेगळ्या शर्यती होत्या : एक पोहण्याची, एक बेटाभोवती सायकल चालवण्याची आणि एक मॅरेथॉन. पोहणारा अधिक दमदार की धावणारा, असा वाद खेळाडूंमध्ये रंगे. अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी सुचवले, की तिन्ही शर्यती एकाच दिवशी जोडून पाहू. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण उतरले, १२ जणांनी शेवट गाठला. गॉर्डन हॉलर हा पावणेबारा तासांहून थोड्या अधिक वेळात पहिला आला. जॉन डनबार हा दुसरा खेळाडू बराच वेळ त्याच्या पुढे होता. परंतु मॅरेथॉन धावताना त्याच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले आणि तो मागे पडला. पाण्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

१९८१ साली ही शर्यत हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावर, कोना येथे गेली. तिथला मार्ग जगातील कठीण मार्गांत गणला जातो. खरे तर त्यात उंच डोंगर नाहीत. मग कठीण काय?

प्रथम पोहणे. कैलुआच्या उपसागरात पाणी उबदार आणि नितळ असते, पण तो समुद्र आहे. तरणतलावाच्या तळाशी काळा पट्टा आखलेला असतो, त्याच्यावर नजर ठेवली की माणूस सरळ जातो. समुद्रात पट्टा नाही. दर काही हातांनंतर डोके किंचित वर काढून दूरचा बोया पाहावा लागतो. दिशा थोडी चुकली, की अंतर वाढलेच म्हणून समजा. शेजारी शेकडो हातपाय पाणी उडवत असतात, तेही ध्यानात घ्या.

नंतर सायकलचा रस्ता. हा महामार्ग काळ्या लाव्ह्याच्या पठारांमधून जातो. ज्वालामुखीतून वाहत आलेला रस थंड होऊन त्याचा कातळ बनला आहे. काळा रंग उष्णता अधिक शोषतो हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. तो कातळ आणि डांबर दुपारी तापतात. वर ऊन, खाली झळ आणि कुठे झाडाची सावली नाही. उत्तरेला हावी नावाचे छोटे गाव आहे, तिथून परत वळायचे. हावीकडे जाताना लांब चढ आहे. त्या भागात वारा इतका आडवा येतो, की सायकल रस्त्याच्या कडेला ढकलली जाते. म्हणून या स्पर्धेत तबकडीसारख्या बंद चाकांना अनेक वर्षे मनाई होती. वारा सहसा सकाळी कमी असतो आणि दिवस चढेल तसा वाढतो. हे ज्याला ठाऊक आहे तो सुरुवातीला ताकद जपून ठेवतो. ज्याला ठाऊक नाही तो शांत सकाळी भरधाव सुटतो आणि परतीच्या वाटेवर त्याचे पाय बोलू लागतात.

शेवटी धावणे. आधी समुद्रकाठच्या रस्त्याने, मग पुन्हा त्याच उघड्या महामार्गाने. पुढे वाट एका संशोधन केंद्राच्या आवारात उतरते. तिथे समुद्राच्या खोल थंड पाण्याच्या आणि वरच्या कोमट पाण्याच्या तापमानातील फरकावर वीज करण्याचे प्रयोग झाले आहेत. धावणाऱ्यांना मात्र ती जागा उकाड्यासाठी आठवते. अनेकांची शर्यत तिथेच मोडते.

आता सराव कसा करायचा ते आपोआप समजेल. ज्याला उकाड्यात धावायचे आहे, त्याने शरीराला उकाड्याची सवय हळूहळू लावली पाहिजे. साधारण दोन आठवड्यांत घाम लवकर येऊ लागतो आणि शरीर थंड ठेवणे सोपे जाते. आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरताच धावायचे असते. पहिल्यांदा असे कराल तर पाय आपले नाहीतच असे वाटेल. सायकलला आणि धावण्याला स्नायू वेगळ्या रीतीने वापरावे लागतात. अंतर एकदम वाढवायचे नाही. काही आठवडे थोडे थोडे वाढवून मग एक आठवडा हलका ठेवायचा, कारण शरीर बळकट होते ते विश्रांतीत.

खाण्यापिण्याचाही सराव असतो, आणि माझ्या मते नवखे लोक त्याकडेच सर्वांत कमी लक्ष देतात. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर एवढ्या लांब शर्यतीला पुरत नाही. म्हणून सायकलवरच ठराविक वेळाने खावे लागते. कडक उन्हात तासाला एक लिटर किंवा त्याहूनही जास्त घाम जाऊ शकतो. घामाबरोबर मीठ जाते. नुसते पाणीच फार प्यायले, तर रक्तातील मीठ पातळ होऊन जिवाला धोका होतो. पोटाला काय सोसते हे शर्यतीच्या दिवशी शोधून चालत नाही.

आपल्याजवळचे उदाहरण द्यायचे तर, २०१९ साली गोव्यात पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर निम्म्या अंतराची अशी शर्यत झाली. तिथे लाव्हा नव्हता, पण हवा दमट होती. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. पुण्याच्या कोरड्या हवेत तयारी केलेल्याला हा फरक आधी जाऊन पाहिल्याशिवाय कळणार नाही.

वाट पाहायला खेळाडू शर्यतीच्या काही दिवस आधी पोहोचतात. त्या वेळी जोर लावायचा नसतो. चढ कोठे सुरू होतो, वारा कोणत्या वळणावर लागतो, पाणी देणारी ठाणी किती अंतरावर आहेत, हे वहीत टिपायचे. दूरचा मनोरा किंवा चर्च पाहून ठेवायचे, म्हणजे पोहताना खूण सापडते.

पण वाट पाठ असूनही घात होतो. झिंबाब्वेत जन्मलेली पॉला न्यूबी-फ्रेझर १९९४ पर्यंत कोना येथे सात वेळा जिंकली होती. तो रस्ता तिच्याइतका कोणाला माहीत असणार? १९९५ साली ती बरीच पुढे होती. मागून कॅरन स्मायर्स जवळ येत आहे हे पाहून शेवटच्या टप्प्यात ती पाण्याच्या ठाण्यांवर नीट थांबली नाही. शेवट काही शे मीटरांवर असताना ती रस्त्यातच कोसळली. स्मायर्स जिंकली. पॉला तिथेच आडवी झाली, तिने बूट काढले, बऱ्याच वेळाने उठली आणि अनवाणी चालत चौथी आली. पुढच्या वर्षी, १९९६ साली, ती त्याच रस्त्यावर पुन्हा उतरली आणि आठव्यांदा जिंकली.