संगणकाचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांना हे ठाऊकच आहे, की जड सामान सहसा हरवत नाही. कपाट, पलंग, पाटावरवंटा सारे सुखरूप नव्या घरी पोहोचते; हरवते ती फडताळाच्या कोपऱ्यातली एखादी डबी. आमच्या शाळेच्या संगणकांचे बिऱ्हाड हलविताना आम्हांस हाच अनुभव आला.

आमची शाळा बेळगाव जिल्ह्यातील, सरकारी, मराठी माध्यमाची. एका कार्यालयाने आपले जुने अकरा संगणक शाळेस दिले, त्यांवर सेंटओएस ७ ही लिनक्सची प्रणाली होती. मुलांची मराठी आणि कन्नड टंकलेखने त्यांवर निर्वेध चालू होती. परंतु ३० जून २०२४ रोजी त्या प्रणालीस मिळणाऱ्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या थांबल्या. तेव्हा दसऱ्याच्या सुट्टीत सारे संगणक डेबियन १२ वर न्यावयाचे ठरले.

येथे थोडा खुलासा करावयास हवा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा सिद्ध केला. त्या गाभ्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी आपापली मांडणी उभी केली, आणि तिला 'डिस्ट्रिब्युशन' हे नाव पडले. 'वितरण' हा प्रतिशब्द आम्हांस रुचत नाही. त्याने रेशनच्या दुकानाची आठवण होते. संगीतातले 'घराणे' अधिक जवळचे. सूर तेच, गायकी वेगळी. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली डेबियनचे घराणे सुरू केले. सेंटओएस हे रेड हॅटच्या घराण्यातले.

आमची पहिली कल्पना अगदी भाबडी होती. जुन्या संगणकातील प्रोग्रॅम उचलावेत आणि नव्यात नेऊन ठेवावेत, असे आम्ही सुचविले. विज्ञानाच्या बाई हसल्या. प्रोग्रॅम एकटा नसतो, असे त्यांनी समजावून सांगितले. बहुतेक प्रत्येक प्रोग्रॅम सामाईक ग्रंथालयांवर विसंबून असतो, आणि त्यांतील सर्वांत मूलभूत जे 'जीलिबसी', त्याची सेंटओएस ७ मधील आवृत्ती २.१७, तर डेबियन १२ मधील २.३६. एकाचे बाहेर काढून दुसऱ्याच्या जागी बसवू गेल्यास संगणक सुरूच व्हायचा नाही. म्हणून पॅकेज ही वस्तू निघाली: प्रोग्रॅम, त्याचे साहित्य आणि कशावाचून त्याचे अडेल याची यादी, असा बांधलेला गठ्ठा. रेड हॅटकडे गठ्ठ्यांची बांधणी 'आरपीएम' पद्धतीची, डेबियनकडे 'डेब' पद्धतीची. एकाची गाठ सोडून दुसऱ्याची बांधून देणारा 'एलियन' नावाचा प्रोग्रॅमही आहे. पण तो केवळ वेष्टन बदलतो, आतल्या अवलंबनांचा मेळ तो हमखास घालील असे नाही. बाईंनी तो वाऱ्यालाही उभा केला नाही.

मग न्यावयाचे काय? केवळ यादी. जुन्या संगणकास 'तुझ्याकडे काय काय आहे' असे विचारताच त्याने तेराशेहून अधिक नावे पुढे टाकली. त्यांतली बहुतेक आम्ही कधी ऐकलीही नव्हती; ती दुसऱ्या कोणाच्या पाठोपाठ आलेली. आम्ही जाणूनबुजून मागवलेली अवघी तेवीस निघाली. (डेबियनमध्ये 'एपीटी-मार्क' ही आज्ञा स्वतः मागवलेली नावे वेगळी काढून देते. दोन डेबियनवाल्या यंत्रांत हे काम म्हणूनच फार सोपे पडते.) ती तेवीस नावे जशीच्या तशी नव्या संगणकास दिली, तर तो पहिल्याच वेगळ्या नावावर अडून बसला आणि काहीच बसवेना. 'लिबरऑफिस-रायटर' दोन्हीकडे तेच. कळफलकाचे 'आयबस-एम१७एन' तेच. पण वेबसेवकाचे जे तिकडे 'एचटीटीपीडी', ते इकडे 'अपाची २'. लोहित देवनागरी टंकाचे नावही उलटेसुलटे: तिकडे 'लोहित-देवनागरी-फॉन्ट्स', इकडे 'फॉन्ट्स-लोहित-देवा'. सासरी गेल्यावर नाव बदलावे तसे. प्रत्येक नाव शोधून दोन स्तंभांचा तक्ता बाईंनी वहीत केला, आणि तेवढ्या तक्त्यावर पुढचे दहा संगणक एका दिवसात उरकले.

आता त्या डबीची गोष्ट.

आमच्या नववीच्या मुलांनी गेली काही वर्षे आपल्या गावांतील शब्द जमविले आहेत. काहील, चुलाण, गुळव्या असे गुऱ्हाळातले शब्द, तसेच शिवारातले आणि न्हाणीघरातले. लिबरऑफिसची शुद्धलेखन-तपासणी त्यांवर तांबडी नागमोडी रेघ ओढी, म्हणून मुले प्रत्येक शब्द 'माझ्या कोशात भर' म्हणून टाकीत गेली. त्या कोशाची धारिका कोठे असते, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. पहिल्या संगणकावर नवी प्रणाली बसली, मुलांचे सर्व लेख जागच्या जागी दिसले, आम्ही समाधानाने एक निबंध उघडला, आणि 'काहील' शब्दाखाली तांबडी रेघ! चुलाणाखाली रेघ. गुळव्याखाली रेघ. जवळजवळ साऱ्या पानावर.

कारण साधे होते. ज्या फोल्डरच्या नावाची सुरुवात टिंबाने होते तो लिनक्समध्ये दृष्टीआड राहतो. कोश अशाच 'डॉट-कॉन्फिग' नामक फोल्डरात होता, आणि नक्कल करताना आम्ही दिसतील तेवढ्याच वस्तू निवडल्या होत्या. इतर संगणकांवर हा कोश नव्हताच. बाईंनी त्या यंत्रात नवी एसएसडी बसविताना जुनी हार्ड डिस्क पुसून न टाकता कपाटात ठेवली होती, म्हणून बरे. ती पुन्हा जोडली. आत 'वर्डबुक' या फोल्डरात एक लहानशी धारिका सापडली. मजकूर साधा, एका ओळीवर एक शब्द. नव्या जागी ठेवताच रेघा मावळल्या.

शब्द मोजले, तर एक हजार तीनशे बारा भरले. मुलांनी ते अकरा संगणकांवर ठेवले आणि छापून एक प्रत ग्रंथालयात दिली. बाकीच्या दहा संगणकांची नक्कल करताना मात्र लपलेल्या वस्तू आधी दृश्य करून घेतल्या. सुट्टी संपल्यावर पहिल्याच तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा हात वर करून म्हणाला, "सर, 'गुळव्या' आहे, पण 'गुळवी' नाही." तो त्याने त्याच दिवशी घातला.