शाळेचे शौचकूप तुंबल्यास

शौचकूप तुंबल्यास प्रथम अडथळ्याचे स्थान निश्चित करावे. पाणी एकाच भांड्यात साचत असेल, तर अडथळा बहुधा त्याखालील वाकनळीत असतो. सर्वच भांडी तुंबली असतील, तर तो पुढील नळात, जोडकुंडीत किंवा खड्ड्यात समजावा. वाकनळीतील चिंध्या वा खडे लवचीक कामटीने सैल करून बादलीभर पाणी जोराने ओतावे. दोन शोषखड्डे असल्यास भरलेल्या खड्ड्याचे तोंड जोडकुंडीत बंद करून प्रवाह दुसऱ्याकडे वळवावा. पहिला खड्डा निदान दोन वर्षे झाकून ठेवावा, म्हणजे मैल्याचे निरुपद्रवी खत होते.

मैलाटाकीत मात्र कोणासही उतरवू नये. तेथील हायड्रोजन सल्फाइड वायू घ्राणशक्तीच बधिर करतो. म्हणून वास येत नाही याचा अर्थ धोका नाही, असा नव्हे. आत पडलेल्यास वाचविण्यास उतरणाराही दगावतो. संरक्षक साधनांविना असे काम करविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ग्रामपंचायतीस कळवून यंत्रानेच उपसा करवून घ्यावा. विद्यार्थ्यांकडून ही सफाई कदापि करवू नये. भांड्यात चिंध्या, खडे टाकू नयेत, एवढे मात्र त्यांना अवश्य शिकवावे.