धाप, ढास आणि घरघर

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने कुत्र्याच्या फुफ्फुसावर लेख लिहावा, हे पाहून आमच्या प्राध्यापक मंडळींच्या भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. पण विषय वाटतो तितका आपल्या शाखेपासून दूर नाही. मुके जनावर आपले दुखणे सांगत नाही. ते काम धन्याच्या भाषेला करावे लागते. या बाबतीत आपली मराठी गरीब नाही. धाप, दम, ठसका, ढास, उबळ, घरघर, कितीतरी शब्द आहेत. घरात आपण ते कसेही वापरतो. जनावरांच्या डॉक्टरसमोर मात्र यातला प्रत्येक शब्द वेगळ्या दुखण्याकडे बोट दाखवतो, आणि चुकीचा शब्द गेला तर औषधही चुकीचे येऊ शकते.

आता प्रश्न असा, की जुन्नर-आंबेगावसारख्या भागात लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांची एवढी चर्चा कशाला? इथे कुत्रा म्हणजे वस्तीवरचा राखणदार, गोठ्याच्या दाराशी बांधलेला. खरे आहे. पण त्या राखणदाराला म्हातारपण फारसे लाभत नाही. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. आमच्याकडेही ऊस तोच आणि बिबट्याही तोच, त्यामुळे इथल्या कोणाला या आकड्याचे नवल वाटणार नाही. म्हणून ज्याच्या घरी पामेरियनसारखे छोटे कुत्रे आहे, तो त्याला दिवस मावळला की घरात घेतो. हे घरातले कुत्रे मग बारा-तेरा वर्षे जगते, आणि त्या वयात येणारी दुखणीही त्याला गाठतात. शिवाय रात्रभर कोंडलेल्या त्याच खोलीत कोठे चुलीचा धूर असतो, कोठे डासांची कॉइल, कोठे देवापुढची उदबत्ती. बिबट्यापासून वाचवलेल्या जिवाला हा धूर जाच करतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्याला श्वासाचा त्रास होतो तेव्हा दोन कारणे प्रामुख्याने तपासावी लागतात. एक हृदयाचे आणि दुसरे श्वासनलिकेचे.

हृदयाचे आधी सांगतो. विहिरीवर मोटार बसवलेल्या शेतकऱ्याला ते समजायला वेळ लागणार नाही. पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. आमच्याकडे त्याला सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात. पाणी वर जाऊ द्यायचे, पण परत विहिरीत उतरू द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. त्याची झडप झिजली की मोटार कितीही फिरली तरी पाणी मागे पडते. कुत्र्याच्या हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये अशीच एक झडप आहे. तिला मिट्रल झडप म्हणतात. लहान जातीच्या कुत्र्यांत वयाबरोबर ही झडप जाड आणि वेडीवाकडी होते, नीट मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त उलटे वरच्या कप्प्यात शिरते. तो कप्पा हळूहळू फुगतो. त्याच्या लगतच श्वासनलिकेची डावी फांदी जाते. तिच्यावर दाब पडून खोकला येऊ शकतो. पुढे उलटा दाब फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो आणि त्यांतून पाणी झिरपून फुफ्फुस ओले होऊ लागते. यातले काहीही एका दिवसात होत नाही. झडप गळू लागल्यापासून धाप लागेपर्यंत वर्षे जाऊ शकतात, आणि कित्येक कुत्र्यांना ती वेळ येतही नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. माणसाच्या ‘छातीत पाणी झाले’ म्हणजे सुईने ते काढतात, हे आपण ऐकलेले असते. या कुत्र्यांचे पाणी बहुधा फुफ्फुसाच्या बाहेर साठलेले नसते. ओल्या स्पंजात असावे तसे ते फुफ्फुसातच मुरलेले असते. ते सुईने निघत नाही. लघवीवाटे काढावे लागते.

दुसरे कारण श्वासनलिकेचे. ही नळी कूर्चेच्या कड्यांनी उघडी राहते. कडी पूर्ण गोल नसतात, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी असतात. पामेरियन, यॉर्कशायर टेरियर, चिहुआहुआ अशा जातींत ही कडी मऊ पडून चपटी होतात आणि श्वास घेताना-सोडताना नळी मिटू पाहते. मग जो खोकला येतो तो कोरडा, मोठा, हंसाच्या ओरडण्यासारखा असतो. गळ्याचा पट्टा ओढला गेला, पाहुणे आले, पाणी घाईने प्यायले की तो सुरू होतो. ‘ढास’ हा शब्द याला अगदी चपखल बसतो. याखेरीज श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला जुनाट सूज येऊनही महिनोन् महिने खोकला राहतो. धूर आणि लठ्ठपणा त्यात भर घालतात.

आता अडचण अशी, की गळकी झडप आणि चपटी नळी या दोन्ही गोष्टी एकाच पामेरियनच्या वाट्याला येऊ शकतात. डॉक्टरांनी हृदयात आवाज ऐकला म्हणून खोकला हृदयाचाच, असे होत नाही. मग ओळखायचे कसे?

आमच्या घरचा सोन्या हा पामेरियन बारा वर्षांचा होता, तेव्हा दिवाळीच्या सुमारास त्याला खोकला सुरू झाला. खोकल्याच्या शेवटी तो मान लांबवून ओकारी दिल्यासारखे करी आणि थोडा पांढरा फेस टाकी. आजीचे निदान तयार होते: “घशात हाड अडकलंय त्याच्या.” हे निदान मी पुढे पाच-सहा घरांतून ऐकले आहे. खोकल्याची उबळ ओकारीत संपते, म्हणून माणसांना ते पोटाचे किंवा घशाचे वाटते. आमच्या भागातले जनावरांचे डॉक्टर दिवसभर संकरित गाईंच्या मागे असतात. मोटारसायकलवर एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात. पण त्यांनी त्याच नळीने सोन्याची छाती दोन्ही बाजूंनी शांतपणे ऐकली आणि मला एकच काम दिले. “तो गाढ झोपला की घड्याळ लावून श्वास मोज. छाती वर जाऊन खाली आली की एक. पूर्ण मिनिट मोज.”

झोपेतच का? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून लपालप श्वास घेऊनच तो अंग थंड करतो. चैत्रातल्या दुपारी अंगणात धापा टाकणारे कुत्रे आजारी असतेच असे नाही. थंड जागी, गाढ झोपेत मात्र ही सबब उरत नाही. निरोगी कुत्र्याचे झोपेतले श्वास मिनिटाला तिसाच्या आत असतात, बहुतेकदा बरेच आत. ते रोज तिसाच्या वर दिसू लागले, किंवा नेहमीच्या आकड्यापेक्षा चढतच गेले, तर फुफ्फुसात पाणी उतरत असल्याची शंका घ्यावी. उलट ढास खूप आहे पण झोपेतला आकडा विशीतच आहे, तर दोष बहुधा नळीचा. एवढ्या साध्या मोजणीने एवढे समजते, याचे मला आजही अप्रूप वाटते. त्या रात्री सोन्याचा आकडा चव्वेचाळीस होता.

सन १८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. गळक्या झडपेतून रक्त उलटे जाताना ‘लप्-डप्’च्या मध्ये जो फुसकारा येतो, तो या नळीतून डाव्या बाजूला ऐकू येतो. (आमच्या तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी आकाशगंगांचे आवाज टिपत बसल्या आहेत, कुत्र्याच्या छातीचा फुसकारा टिपायला मात्र एक निवांत खोली पुरते.) पण फुसकाऱ्याने झडप गळते एवढेच कळते. हृदय किती वाढले आणि फुफ्फुस ओले आहे का, यासाठी क्ष-किरण फोटो लागतो. हृदय मोजायची रीत मोठी गमतीची आहे. फोटोत हृदयाची लांबी आणि रुंदी घेऊन ती त्याच कुत्र्याच्या पाठीच्या मणक्यांवर मांडतात. दोन्ही मिळून साधारण साडेआठ ते साडेदहा मणके भरले तर हृदय बेताचे. जातीप्रमाणे थोडा फरक धरायचा. मापाची पट्टी कुत्र्याच्या अंगातच असल्यामुळे लहान-मोठा कुत्रा हा भेद राहत नाही. ही रीत १९९५ सालची. प्रत्यक्ष झडप पाहायची तर इको करतात.

आम्हाला फोटोसाठी पुण्यास जावे लागले. नारायणगावाहून पाऊणशे किलोमीटर, वाटेत चाकणची कोंडी. असा प्रवास पहाटे करावा, गाडी थंड ठेवावी. धाप लागलेल्या कुत्र्याला कडेवर आवळून धरू नये; त्याला बसून, मान पुढे करून श्वास घेणे सोपे जाते.

औषधांविषयी मी डॉक्टर नाही, पण धन्याला जे ठाऊक हवे ते सांगतो. फुफ्फुसातले पाणी काढायला फ्रुसेमाइड देतात. माणसांनाही देतात तेच, आणि ते महाग नाही. त्याने कुत्रे खूप मुतते आणि खूप पाणी पिते. पाणी कधीही तोडू नये; अधूनमधून मूत्रपिंडासाठी रक्त तपासावे. दुसरे पिमोबेंडन, ते हृदयाचे आकुंचन जोरकस करते आणि उपाशी पोटी द्यायचे असते. ज्यांचे हृदय वाढले आहे पण अजून धाप लागलेली नाही, अशा ३६० कुत्र्यांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. या औषधाने हृदय निकामी होण्याची वेळ सुमारे पंधरा महिन्यांनी पुढे गेली. पंधरा महिने म्हणजे कुत्र्याच्या आयुष्यात काय असतात, हे वेगळे सांगायला नको. “म्हातारं झालंय, चालायचंच” असे म्हणून फोटो टाळणारे हे पंधरा महिने गमावू शकतात. फुसकारा ऐकू आला पण हृदय वाढलेले नाही, तर मात्र औषध लागत नाही, नुसती नजर ठेवायची.

नळीच्या दुखण्याला उपाय निराळे. गळ्याचा पट्टा काढून छातीचा पट्टा बांधावा, वजन उतरवावे, धूर बंद करावा. ढास दाबणारी किंवा सूज उतरवणारी औषधे डॉक्टर देतात. लाडाने भरवलेली चपाती-तूप आणि दुधाची साय बंद करणे हे घरात सर्वांत अवघड जाते, पण गुण त्यानेच जास्त येतो. माणसाचे खोकल्याचे औषध घरच्या घरी देऊ नये. काही बाटल्यांत पॅरासिटामॉल असते, काही बिनसाखरेच्या औषधांत झायलिटॉल. दोन्ही कुत्र्याला विषासारखी ठरू शकतात. अंगदुखीची आयबुप्रोफेनची गोळीही तशीच. खोकला म्हटला की स्टेरॉइडचे इंजेक्शन, अशीही एक पद्धत आहे. नळीच्या सुजेला ते उतार देते, पण हृदय थकलेले असेल तर अंगात पाणी धरून ठेवू शकते. म्हणून आधी निदान, मग इंजेक्शन, एवढा आग्रह धन्याने धरायला हरकत नाही.

पुस्तकात न सापडणारी एक अडचण आमच्या भागाची आहे. फ्रुसेमाइडची गोळी तासाभरात लघवी सुरू करते आणि सहाएक तास ती चालते. रात्री नऊला गोळी दिली तर कुत्रे बाराला, दोनला दाराशी जाऊन नखे घासते. दार उघडायचे तर पलीकडे ऊस. आम्ही डॉक्टरांना विचारून दुसरी गोळी दुपारी चारला आणली आणि पडवीच्या जाळीआड जुन्या गोणपाटावर वर्तमानपत्रे अंथरली. चार दिवसांत सोन्या तिथे जायला शिकला. आठवड्याने त्याचा झोपेतला आकडा सव्वीसवर आला. वही मी अजून ठेवली आहे. तारीख, आकडा, खोकल्याच्या उबळी किती, गोळी कधी. ती वही पाहून पुण्याचे डॉक्टर फोनवर मात्रा कमी-जास्त करीत, आणि प्रत्येक वेळी चाकण ओलांडावे लागत नसे.

जीभ किंवा हिरड्या निळसर पडल्या, कुत्रे आडवे व्हायलाच तयार नसेल, किंवा झोपेतला आकडा चाळिशीच्या पुढे जाऊन उतरत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. तोंडात पाणी ओतू नये, छाती चोळू नये, भोवती गर्दी करू नये. पंखा लावावा आणि डॉक्टरांना आधी फोन करावा, म्हणजे प्राणवायू आणि इंजेक्शन तयार राहते. निघताना दोन माणसे असावीत, हाती बॅटरी असावी, आणि गाडी रस्त्यावर न ठेवता थेट दाराला लावून मगच कुत्र्याला बाहेर काढावे.