भारतातील छपाई व लेखनाच्या कागदाची आयात

पुस्तके, वह्या व कार्यालयीन कामकाज यांसाठी लागणाऱ्या कागदास छपाई व लेखनाचा कागद म्हणतात. वृत्तपत्री कागद हा वेगळा प्रकार मानला जातो. भारतातील या कागदाची आयात मागणीइतकीच शुल्कधोरणावरही अवलंबून राहिली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालमध्ये कागद गिरण्या निघाल्या. परंतु लाकडाच्या लगद्यापासून बनलेल्या स्वस्त युरोपीय कागदापुढे त्यांचा टिकाव लागणे कठीण होते. बांबूपासून कागद बनविणाऱ्या उद्योगाच्या संरक्षणासाठी १९२५ च्या कायद्याने छपाई व लेखनाच्या कागदाच्या काही प्रकारांवर पौंडामागे एक आणा शुल्क बसविले. दुसऱ्या महायुद्धात आयात घटून टंचाई निर्माण झाली. स्वातंत्र्यानंतर आयात परवाने व चढे शुल्क यांच्या आधाराने देशी गिरण्या वाढल्या.

१९९१ नंतर निर्बंध शिथिल झाले. आसियान देशांशी झालेला वस्तुव्यापार करार १ जानेवारी २०१० रोजी लागू झाला आणि त्या देशांतील कागदावरील शुल्क टप्प्याटप्प्याने रद्द झाले. त्यामुळे इंडोनेशियासारख्या देशांतील कागदास भारतीय बाजारपेठ खुली झाली. स्वस्त आयातीचा लाभ मुद्रक व प्रकाशकांना होतो. मात्र देशी गिरण्यांची मागणी घटल्यास त्यांना निलगिरी व सुबाभळीचे लाकूड पुरविणाऱ्या शेतकऱ्यांनाही झळ पोहोचते. ऑक्टोबर २०२२ पासून कागदाच्या अनेक प्रकारांच्या आयातीसाठी पूर्वनोंदणी सक्तीची करण्यात आली.